गच्चीवरच्या टाकीची पातळी वीजतारांतूनच पंपापर्यंत: मायक्रोकंट्रोलरने संदेश पाठवण्याची क्रमवार पद्धत

गच्चीवरची टाकी भरली की तळमजल्यावरचा पंप आपोआप बंद व्हावा, ही बहुतेक सोसायट्यांची गरज असते. गच्चीवर दिवा असतो, पंपाला वीज असते, म्हणजे दोन्हीकडे तारा आधीच पोहोचलेल्या असतात. मग त्याच तारांवरून डेटा का पाठवू नये, असे वाटणे साहजिक आहे. ते शक्यही आहे. तरी हे काम हाती घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण अडकतात, आणि ते प्रोग्रॅममध्ये क्वचितच अडकतात. वीजतारेवर संदेश सोडणारी दोन मॉड्यूल टेबलावर एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावून संदेश गेला की काम झाले असे समजायचे, पेटी थेट गच्चीवर बसवायची, आणि मग संध्याकाळी सातनंतर संदेश का जात नाहीत हे शोधत बसायचे, असा क्रम सर्रास दिसतो. येथे दिलेला क्रम याच्या उलट आहे. आधी तारांचा मार्ग, मग विजेच्या बाजूची सुरक्षितता, त्यानंतर संदेशाची रचना आणि अगदी शेवटी पंप.

सुरुवातीलाच एक स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. कंड्युटमध्ये जागा असेल आणि गच्चीपासून पंप रूमपर्यंत स्वतंत्र केबल ओढता येत असेल, तर ती ओढावी आणि त्यावर आरएस-४८५ (लांब तारेवरून डेटा नेण्याची पद्धत) चालवावे; ते अधिक भरवशाचे ठरते. वीजतारांचा मार्ग त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्या कंड्युट ठासून भरलेल्या आहेत, रेडिओ लहरी स्लॅबमागून स्लॅब ओलांडू शकत नाहीत आणि नवी केबल भिंतीवरून नेण्यास सभासद तयार नाहीत.

## टप्पा १: तारांचा मार्ग कागदावर उतरवणे

सोसायटीत प्रत्येक सदनिकेचा मीटर वेगळा असतो. जिन्यातले दिवे, पंप, लिफ्ट आणि गच्चीवरचे दिवे बहुधा सोसायटीच्या कॉमन मीटरवर असतात. आपला संपूर्ण मार्ग याच कॉमन मीटरच्या पुढच्या, म्हणजे सोसायटीच्या बाजूच्या तारांवर असला पाहिजे. गच्चीवरची पेटी सोयीसाठी सर्वांत वरच्या मजल्यावरच्या एखाद्या सदनिकेतल्या प्लगला जोडली, तर संदेशाला त्या सदनिकेचा मीटर, मीटर रूममधला बसबार (सगळ्या मीटरना वीज वाटणारी धातूची पट्टी) आणि पुन्हा कॉमन मीटर असा वळसा घालावा लागतो. त्याच बसबारवर सगळ्या घरांतल्या उपकरणांचा विद्युत गोंगाट एकत्र येतो. मीटरच्या आधीच्या कोणत्याही भागाला हात लावण्याचा तर प्रश्नच येत नाही. तो वीज कंपनीचा असतो.

दुसरी बाब फेजची. इमारतीत तीन फेज येतात: लाल, पिवळा आणि निळा. न्यूट्रल काळा आणि अर्थ हिरवा असतो. गच्चीवरचा दिवा पिवळ्या फेजवर आणि पंप रूममधला प्लग लाल फेजवर असेल, तर संदेशाला एका फेजवरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. ती कधी साधते, कधी साधत नाही. गच्ची व तळमजला यांच्यामध्ये मल्टिमीटरची तार ओढून फेज तपासण्याचा खटाटोप नको. परवानाधारक वायरमनला मीटर रूममध्ये उभे करावे, कॉमन डीबीमधल्या (वीज वितरण पेटीमधल्या) एकेका फेजचे एमसीबी बंद करायला सांगावे, आणि कोणत्या फेजबरोबर गच्चीवरचा दिवा व पंप रूममधला प्लग जातो ते लिहून घ्यावे. त्या वेळी लिफ्ट रिकामी आणि थांबलेली असावी.

दोन्ही ठिकाणे वेगवेगळ्या फेजवर निघाली, तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे गच्चीवरच्या दिव्याचे सर्किट डीबीमध्येच पंप रूमच्या फेजवर हलवून घेणे. एकदोन दिव्यांचा भार इकडचा तिकडे गेल्याने काही बिघडत नाही. दोन फेजमध्ये कपॅसिटर टाकून सिग्नलला पूल बांधण्याची पद्धतही आहे. पण दोन फेजमध्ये २३० नव्हे, ४०० व्होल्ट असतात, आणि नेमके येथेच लोक २७५ किंवा ३१० व्होल्टचा एक्स२ कपॅसिटर (फेज-न्यूट्रलमध्ये लावण्यासाठीचा सुरक्षित वर्ग) लावतात. त्या जागी ४४० व्होल्ट एसी किंवा त्याहून अधिक मर्यादेचा एक्स१ वर्गाचा कपॅसिटर, फ्यूजसह, डीबीच्या आत आणि वायरमनच्याच हातून बसायला हवा. फेज हलवणे शक्य असताना या वाटेला जाऊ नये.

तपासणी: कागदावर चार गोष्टी असाव्यात: दोन्ही ठिकाणांचा फेज, दोन्हीकडचे एमसीबी, मध्ये कोठे स्टॅबिलायझर, यूपीएस किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे का, आणि जनरेटरवर गेल्यावर कॉमन भार कोणत्या मार्गाने चालतो. ऑनलाइन यूपीएस किंवा ट्रान्सफॉर्मर मध्ये असेल, तर त्याच्या पलीकडे सिग्नल पोहोचेल ही आशा सोडावी.

## टप्पा २: मॉड्यूलचा खरा वेग समजून घेणे

हौशी कामांत केक्यू-१३०एफ हे मॉड्यूल सर्वाधिक दिसते. ते १२० ते १३५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते, मायक्रोकंट्रोलरशी सिरियल पोर्टवरून ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट) बोलते, पण वीजतारेवर त्याचा वेग साधारण १०० बिट प्रतिसेकंद इतकाच असतो. या दोन आकड्यांमधला फरक लक्षात न घेतल्यामुळे जितक्या तक्रारी निर्माण होतात, तितक्या दुसऱ्या कशानेही होत नसतील. सिरियल पोर्टवर अक्षरे भराभर ओतली जातात, मॉड्यूल आपल्या गतीने ती तारेवर सोडत राहते, मधली अक्षरे गळतात आणि दोष विजेच्या गोंगाटाला दिला जातो.

सहा बाइटचा संदेश म्हणजे ४८ बिट. १०० बिट प्रतिसेकंद या वेगाने त्याला अर्धा सेकंद लागतो. टाकीची पातळी मिनिटात फारशी हलत नाही, त्यामुळे दर १५ सेकंदांनी एक संदेश पुरेसा आहे. कॅमेऱ्याचे चित्र किंवा इंटरनेट न्यायचे असेल, तर हे मॉड्यूल कामाचे नाही. त्यासाठी २ ते ३० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे पॉवरलाइन अडॅप्टर वेगळे मिळतात.

युरोपातील ईएन ५००६५ या मानकात १२५ ते १४० किलोहर्ट्झच्या पट्ट्यासाठी एक शिस्त घालून दिलेली आहे: सलग एका सेकंदापेक्षा जास्त बोलायचे नाही, थांबल्यावर किमान १२५ मिलिसेकंद तार मोकळी सोडायची, आणि बोलण्यापूर्वी तारेवर दुसरे कोणी बोलत नाही ना ते ऐकायचे. आपल्या प्रोग्रॅममध्ये ही शिस्त पहिल्यापासूनच घालावी, कारण मीटरपाशी सिग्नल आपोआप थांबत नाही आणि शेजारच्या विंगमध्ये उद्या कोणीतरी हेच मॉड्यूल बसवू शकतो.

## टप्पा ३: विजेची बाजू

या टप्प्यात घाई करू नये. गच्चीवरच्या पेटीतून निघणारी फ्लोट स्विचची (पाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या स्विचची) तार टाकीतल्या पाण्यात जाते, आणि त्या टाकीत साफसफाईसाठी माणूस उतरतो. पेटीत २३० व्होल्ट आणि फ्लोटची तार यांच्यामधले विलगीकरण कच्चे राहिले, तर त्याचा परिणाम त्या माणसाला भोगावा लागेल.

इशारा: २३० व्होल्ट एसीचा शिखरबिंदू ३२५ व्होल्ट असतो. या टप्प्यातली जोडणी वीज पूर्ण बंद असतानाच करावी, टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नये, मल्टिमीटर कॅट-३ (इमारतीच्या तारांवर मोजण्याइतका सुरक्षित) वर्गाचा असावा आणि इमारतीच्या तारांना अंतिम जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी.

क. फ्यूज आणि व्हॅरिस्टर. फेजच्या वाटेवर सर्वांत आधी ५०० मिलिॲम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज. त्यानंतर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १४डी४७१ हा व्हॅरिस्टर (व्होल्टेजचे झटके शोषणारा भाग), जो सतत ३०० व्होल्ट एसीपर्यंत सहन करतो. क्रम उलटा करू नये. व्हॅरिस्टर निकामी होताना शॉर्ट होऊ शकतो, आणि त्या वेळी फ्यूज त्याच्या आधी असला तरच उपयोगी पडतो.

ख. कपलिंग कपॅसिटर. तयार मॉड्यूलमध्ये तो आत असतो. स्वतःचे सर्किट बांधणाऱ्यांनी, किंवा ऑसिलोस्कोपवर सिग्नल पाहण्यासाठी वेगळे कपलिंग करणाऱ्यांनी, येथे चूक करू नये. १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला सुमारे ३२ किलोओहम अडथळा देतो, म्हणजे विजेचा जेमतेम ७ मिलिॲम्पिअर प्रवाह जाऊ देतो; १३० किलोहर्ट्झला मात्र त्याचा अडथळा अवघा १२ ओहम होतो. हीच त्याची करामत आहे. तो एक्स२ वर्गाचाच असला पाहिजे आणि त्यावर २७५ किंवा ३१० व्होल्ट एसी असे छापलेले असले पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेताना पिवळी चौकोनी डबी दिसली म्हणजे ती एक्स२ असे धरू नये. ४०० व्होल्ट डीसीचे साधे पॉलिस्टर कपॅसिटरही तसेच दिसतात आणि स्वस्तात मिळतात.

वीज काढल्यावरही या कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठलेला राहतो. म्हणून त्याच्या दोन टोकांवर ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक जोडून ठेवावेत. एकच पाव वॉटचा रेझिस्टर लावला, तर ३२५ व्होल्ट त्याच्या सहनशक्तीबाहेर जातात. दोघांत ते वाटले जातात. या जोडीने कपॅसिटर पाव सेकंदाच्या आत निरुपद्रवी होतो.

ग. विलगीकरण. मॉड्यूलची कमी व्होल्टेजची बाजू विजेपासून अलग आहे असे विक्रेता सांगत असला, तरी ती विजेला जोडलेलीच आहे असे समजून पेटी बांधावी. मॉड्यूल आणि मायक्रोकंट्रोलर यांच्यामध्ये, जाणाऱ्या व येणाऱ्या अशा दोन्ही तारांवर, ६एन१३७ हा वेगवान ऑप्टोकपलर (प्रकाशाने संदेश नेऊन दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा भाग) बसवावा. नेहमीचा पीसी८१७ येथे ९६०० बॉडला काठावर चालतो. कधी अक्षरे बरोबर, कधी कचरा.

६एन१३७ उलट दिशेने वागतो, म्हणजे आतला एलईडी पेटला की बाहेरची पातळी खाली जाते. म्हणून एलईडीचे धन टोक ४७० ओहममार्गे ५ व्होल्टला आणि ऋण टोक सिरियलच्या तारेला जोडावे. तार निष्क्रिय असताना वर असते, एलईडी विझलेला राहतो, आणि पलीकडे पुलअपमुळे (पातळी वर खेचून धरणाऱ्या रेझिस्टरमुळे) पातळीही वरच राहते. ही जोडणी उलटी केल्यास पोर्टवर अखंड कचरा दिसतो आणि लोक बॉड रेट बदलत बसतात. या जोडणीत सुमारे ७ मिलिॲम्पिअर प्रवाह खेचावा लागतो. मायक्रोकंट्रोलरला तो सहज झेपतो, मॉड्यूलच्या पिनला झेपेलच असे नाही, त्यामुळे त्या बाजूला छोटा बफर द्यावा. ऑप्टोकपलरच्या पुरवठ्याच्या पिनांलगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नये.

यात सर्वाधिक आढळणारी चूक वेगळीच आहे. ऑप्टोकपलर नीट बसवलेला असतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच एसएमपीएसचे (स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्याचे) ५ व्होल्ट आणि एकच ग्राउंड दिलेले असते. मग ऑप्टोकपलर असून नसल्यासारखा. मॉड्यूलसाठी एक पुरवठा आणि मायक्रोकंट्रोलर व फ्लोट यांच्यासाठी दुसरा, असे दोन स्वतंत्र विलग पुरवठे लागतात. केक्यू-१३०एफ ऐकण्यासाठी ५ व्होल्टवर भागवते, बोलताना मात्र १२ व्होल्टवर २०० मिलिॲम्पिअरहून अधिक खेचू शकते. त्यामुळे १२ व्होल्टचा पुरवठा निदान ४०० मिलिॲम्पिअरचा घ्यावा. अगदी काठावरचा पुरवठा घेतला, तर बोलायला सुरुवात करताच व्होल्टेज खाली येते आणि संदेशाचा शेवट तुटतो.

घ. बोर्डवरचे अंतर. झिरो पीसीबीवर छिद्रांचे अंतर २.५४ मिलिमीटर असते. विजेची बाजू आणि कमी व्होल्टेजची बाजू यांच्यामध्ये किमान ६ मिलिमीटर तांबेविरहित जागा राहायला हवी, म्हणजे मधल्या तीन ओळींचे तांबे खरवडून काढावे लागते. गच्चीवर पावसाळ्यात पेटीच्या आत दव धरते. ही रेषा तेव्हा कामी येते. पेटी प्लॅस्टिकची, पाणीरोधक, केबल खालूनच आत घेतलेली.

तपासणी: वीज न जोडता ५०० व्होल्टच्या मेगरने (विलगीकरण मोजणाऱ्या उपकरणाने) मोजावे. फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून मेगरचे एक टोक तेथे, तर मायक्रोकंट्रोलर-फ्लोटच्या बाजूच्या सर्व तारा एकत्र बांधून दुसरे टोक तेथे. फेज-न्यूट्रल न बांधता मोजल्यास भलत्याच ठिकाणी व्होल्टेज पडू शकते. नव्या आणि कोरड्या जोडणीत मेगरचा काटा कमाल आकड्याच्या टोकाशी जायला हवा. तो मध्ये कोठेतरी थांबला, तर कारण सापडेपर्यंत पुढचा टप्पा करू नये.

इशारा: सिग्नल फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्येच सोडावा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये सोडल्यास सिग्नल चांगला जातो असा सल्ला कोणी दिला, तरी तो ऐकू नये. अर्थच्या तारेत आपण जाणूनबुजून प्रवाह सोडत असतो, आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) कधी पडेल याचा नेम राहत नाही.

## टप्पा ४: टेबलावर, आधी विजेशिवाय

दोन्ही मॉड्यूलच्या एसी पिना दोन साध्या तारांनी एकमेकींना जोडाव्यात. तारांत वीज नसेल. केक्यू-१३०एफसारखी फ्रीक्वेन्सी बदलून बोलणारी मॉड्यूल मृत तारेवरही चालतात. विजेच्या शून्यबिंदूच्या (एसी व्होल्टेज शून्यातून जाते त्या क्षणाच्या) आधाराने बोलणारी मात्र चालणार नाहीत, हे खरेदीपूर्वीच पाहावे. या अवस्थेत ऑप्टोकपलरची दिशा, बॉड रेट, संदेशाची लांबी असे सगळे निर्धास्तपणे तपासता येते, लॅपटॉपही जोडता येतो.

त्यानंतर एक छोटी कसोटी घ्यावी, जी बहुतेक जण टाळतात. दोन तारांमध्ये आडवा १० ओहमचा रेझिस्टर लावावा आणि १०० संदेश पाठवून किती पोहोचले ते मोजावे, मग ४.७ ओहम, मग २.२ ओहम. इमारतीच्या तारा मॉड्यूलला नेमक्या अशाच दिसतात. कोणत्या ओहमला संदेश गळू लागतात हा आकडा लिहून ठेवावा. गच्चीवर जाऊन अंधारात चाचपडण्यापेक्षा हा आकडा आधी हाताशी असलेला बरा.

मगच वीज. दोन्ही पेट्या बंद करून एकाच साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावाव्यात. साधा बोर्ड म्हणण्याचे कारण असे की स्पाइक गार्डच्या आत बहुधा फेज-न्यूट्रलमध्ये कपॅसिटर असतो, जो आपला सिग्नल जागच्या जागी गिळतो.

इशारा: वीज सुरू असताना मॉड्यूलच्या बाजूला लॅपटॉपची यूएसबी कधीही जोडू नये, आणि ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप विजेच्या तारेला लावू नये. आकडे पाहायचे असतील तर पेटीतच छोटा डिस्प्ले द्यावा. स्कोपवर सिग्नल पाहायचाच असेल, तर एक्स२ कपॅसिटरमार्गे जोडलेल्या १:१ फेराइट ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूवर पाहावा.

## टप्पा ५: संदेशाची रचना

संदेश सहा बाइटचा पुरेसा आहे: सुरुवातीची ठरलेली खूण दोन बाइट, पत्ता एक, क्रमांक एक, टाकीची स्थिती एक आणि शेवटी सीआरसी-८ (संदेश वाटेत बिघडला का ते ओळखणारा तपासणी आकडा) एक. काही मॉड्यूलना पहिल्या बाइटमध्ये संदेशाची लांबी द्यावी लागते. माहितीपत्रकातला हा भाग वाचल्याशिवाय प्रोग्रॅम लिहू नये. पत्ता असल्यामुळे शेजारच्या विंगचा संदेश आपला समजला जात नाही. क्रमांक प्रत्येक वेळी एकाने वाढतो, त्यामुळे मधले किती गळाले ते ऐकणाऱ्याला कळते आणि टप्पा ६ मधली मोजणी आपोआप होते.

सीआरसी-८ काही सर्वज्ञ नाही. पुरेसा कचरा ऐकला तर एखादा खोटा संदेश त्यातूनही निसटतो. म्हणून निर्णयात असमानता ठेवावी. पंप थांबवण्यासाठी एकच योग्य संदेश पुरेसा मानावा, पण सुरू करण्यासाठी एकाच आशयाचे, लागोपाठच्या क्रमांकांचे दोन संदेश मिळायला हवेत.

आता सर्वांत महत्त्वाचा निर्णय. "टाकी भरली" असा एकच संदेश भरल्यावर पाठवायचा, ही रचना धोकादायक आहे, कारण नेमका तोच संदेश गळाला तर पाणी गच्चीवरून वाहत राहते. त्याऐवजी गच्चीवरून दर १५ सेकंदांनी "टाकीत अजून जागा आहे" अशी परवानगी येत राहावी, आणि ९० सेकंदांत एकही योग्य परवानगी न आल्यास पंप रूमने पंप बंद करावा. अशा रचनेत तार तुटली, गच्चीवरची पेटी बंद पडली, एमसीबी पडला किंवा संध्याकाळचा गोंगाट वाढला, तरी सर्व प्रसंगी निकाल एकच लागतो: पंप थांबतो. लोकांना पाणी थोडे उशिरा मिळेल आणि वॉचमनला हाताने पंप लावावा लागेल, एवढेच.

टाकीत दोन फ्लोट ठेवावेत, खालचा आणि वरचा. वरचा उचललेला आणि खालचा पडलेला, अशी स्थिती पाण्यात संभवत नाही. ती आली तर फ्लोट अडकला आहे असे समजून बिघाडाचा संदेश द्यावा. टाक्या एकापेक्षा अधिक असतील, तर पंप रूमने एकेका टाकीला नाव घेऊन विचारावे आणि जिला विचारले तिनेच बोलावे. वीज जाऊन परत आल्यावर सगळ्या पेट्या एकदम जाग्या होतात. प्रत्येकीने स्वतःच्या पत्त्यानुसार काही सेकंद थांबून मगच तोंड उघडावे.

## टप्पा ६: इमारतीत मोजणी, पंपाला हात न लावता

दोन्ही पेट्या आपापल्या जागी बसवाव्यात, पण पंपाचा रिले जोडू नये. पंप रूममधल्या पेटीने तासागणिक किती संदेश यायला हवे होते आणि किती आले, एवढेच नोंदवावे. दर १५ सेकंदांनी एक, म्हणजे तासाला २४०. ही नोंद किमान पूर्ण २४ तासांची असावी. त्यात संध्याकाळी सात ते दहा हा काळ, पंप चालू असतानाचा काळ आणि लिफ्टची गर्दीची वेळ यायलाच हवी. सकाळी अकरा वाजता घेतलेल्या चाचणीवरून काहीच सिद्ध होत नाही.

प्रत्येक तासात शेकडा ९५ हून अधिक संदेश पोहोचत असतील, तर पुढे जावे. शेकडा ८० ते ९५ असेल तरी ९० सेकंदांच्या मुदतीत सहा संधी असल्यामुळे पंप विनाकारण थांबण्याची शक्यता कमी असते, परंतु पुढच्या दिवाळीत जिन्यात माळा लागल्या की तो आकडा घसरणार, हे धरून चालावे. त्याखाली असेल तर शोध घ्यावा.

येथे दोन रोग आहेत, आणि त्यांची औषधे वेगळी आहेत. एक गोंगाट, दुसरा शोषण. गोंगाट म्हणजे एखादे उपकरण त्याच पट्ट्यात ओरडत असते. शोषण म्हणजे एखाद्या उपकरणाच्या आतला कपॅसिटर सिग्नल गिळत असतो. ओळखण्यासाठी चाचणी दोन्ही दिशांनी घ्यावी. गच्चीवरून खाली संदेश गळतात पण खालून वर व्यवस्थित जातात, असे असेल तर बहुधा खालच्या पेटीजवळ गोंगाट आहे. दोन्ही दिशांनी सारखेच गळत असतील तर शोषण किंवा फेजची चूक.

उपकरण शोधण्यासाठी कॉमन डीबीतले एमसीबी एकेक करून बंद करत आकडा पाहावा. संशयितांची यादी साधारण ठरलेली असते: लिफ्टचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे यंत्र), जिन्यातल्या स्वस्त एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा अडॅप्टर, केबिनमधला इन्व्हर्टर, वॉचमनचा मोबाइल चार्जर. या यादीत एक नाव लोक कधीच घालत नाहीत, ते म्हणजे आपल्याच पेटीतला एसएमपीएस. तो मॉड्यूलपासून काही सेंटिमीटरवर बसलेला असतो, त्याच्या इनपुटला कपॅसिटर असतो आणि तो स्वतःही गोंगाट करतो. म्हणजे दोन्ही रोग घरातच.

यावर उपाय म्हणजे त्या एसएमपीएसच्या फेजच्या वाटेवर १ मिलिहेन्रीचा चोक (उच्च फ्रीक्वेन्सी अडवणारे तारेचे वेटोळे). १३० किलोहर्ट्झला तो ८०० ओहमहून अधिक अडथळा देतो आणि ५० हर्ट्झला एक तृतीयांश ओहमही नाही. मॉड्यूलच्या एसी पिना चोकच्या आधी जोडाव्यात, नंतर नव्हे; नंतर जोडल्या तर सिग्नलच चोकमध्ये अडकतो. याहून शांत पर्याय हवा असेल, तर गच्चीवरच्या पेटीत एसएमपीएसऐवजी जुन्या पद्धतीचा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर वापरावा. तो जड आणि जागा खाणारा असतो, परंतु या कामासाठी मला तोच पटतो.

दुसऱ्या उपकरणासाठीही हीच युक्ती चालते, १०० मायक्रोहेन्रीचा चोकही १३० किलोहर्ट्झला ८० ओहमच्या आसपास आड येतो. फक्त चोकची प्रवाहमर्यादा त्या उपकरणाच्या प्रवाहाहून भरपूर जास्त असावी. लिफ्टच्या सर्किटमध्ये मात्र आपण काहीही घालू नये. लिफ्टच दोषी निघाली, तर तिच्या देखभालीच्या कंत्राटदाराला व्हीएफडीचा इनपुट फिल्टर व अर्थिंग तपासायला सांगावे, किंवा आपले सर्किट लिफ्टपासून दूरच्या फेजवर न्यावे.

तपासणी: जनरेटर असेल तर तो चालू करून हीच मोजणी पुन्हा घ्यावी. चेंजओव्हरनंतर कॉमन भाराचा मार्ग बदलतो.

## टप्पा ७: पंपाची जोडणी

मायक्रोकंट्रोलरचा रिले पंपाचा प्रवाह थेट तोडणार नाही. तो फक्त स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या (पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलचा प्रवाह तोडतो. ओव्हरलोड रिले, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास पंप थांबवणारा भाग) ही स्टार्टरमधली मूळ संरक्षणे तशीच ठेवावीत आणि आपला रिले त्यांच्याशी एकसरीत जोडावा, म्हणजे त्यांपैकी कोणीही नाही म्हटले तर पंप थांबेल. जमिनीखालच्या टाकीतला फ्लोट संदेशाच्या भानगडीत न आणता याच मालिकेत थेट तारेने जोडावा.

कॉन्टॅक्टरची कॉइल सुटताना मोठा झटका मारते आणि त्या क्षणी मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. कॉइलच्या टोकांवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ अशी एकसरी जोडी लावावी. रेझिस्टर गाळून नुसता कपॅसिटर लावू नये, कारण पंप चालू असताना तोच आपला सिग्नल गिळायला लागेल, आणि बंद असताना सगळे सुरळीत दिसल्यामुळे दोष सापडायला वेळ लागेल.

मायक्रोकंट्रोलर चालू होताना, रीसेट होताना आणि प्रोग्रॅम अडकल्यावर वॉचडॉगने उठवल्यावर रिले सुटलेलाच असला पाहिजे. रिलेच्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर दिला की सुरुवातीच्या क्षणी पिन तरंगत असतानाही रिले ओढला जात नाही. याशिवाय पंप सलग किती वेळ चालावा याची कमाल मर्यादा प्रोग्रॅममध्ये वेगळी घालावी; टाकी भरायला नेहमी ४० मिनिटे लागत असतील तर ६० मिनिटांवर थांबवून बिघाडाचा दिवा लावावा.

शेवटची परीक्षा बिघाड मुद्दाम घडवून घ्यावी. पंप चालू असताना गच्चीवरचा एमसीबी पाडावा आणि घड्याळ लावावे. ९० सेकंदांत पंप थांबला पाहिजे. वरचा फ्लोट हाताने उचलावा, पंप पुढच्याच संदेशाला थांबला पाहिजे. खालचा फ्लोट पाडून वरचा उचलावा, बिघाडाचा दिवा लागला पाहिजे. पंप चालू असताना संपूर्ण कॉमन पुरवठा बंद करून पुन्हा चालू करावा. दोन योग्य संदेश येईपर्यंत पंप स्वस्थ राहिला पाहिजे. यांतली एकही परीक्षा चुकली, तर रिलेची तार काढून पंप पुन्हा हाताच्या स्विचवर द्यावा आणि मगच दुरुस्तीला बसावे.

डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा: गच्चीचे सर्किट कोणत्या फेजवर आहे, ते हलवू नये, आणि पंप हाताने लावायचा झाल्यास कोणता स्विच कोणत्या बाजूला करायचा. पुढच्या वेळी येणारा वायरमन भार समान करण्याच्या हेतूने तो फेज नक्की बदलेल, आणि ही संपूर्ण यंत्रणा एका संध्याकाळी मुकी होईल.